तीन मिनिटांची सही, चार तासांची रांग

बोईसर-तारापूरच्या नवशिक्यांसाठी प्रक्रिया-मॉडेलिंगची मार्गदर्शिका

तारापूर एमआयडीसी बोईसरात आहे. तारापूर गाव तिथून पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला. हे ज्याला खटकत नाही त्याने ही मार्गदर्शिका जरूर वाचावी. पाटीवर एक आणि जागेवर दुसरंच, याची सवय असलेला माणूस या विषयात लवकर तयार होतो.

विषय असा. कारखान्यातलं एखादं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं होतं त्याचं संगणकावर चित्र काढायचं, त्यात वेळा भरायच्या, आणि मग तेच काम संगणकात शेकडो वेळा चालवून रांग कुठे लागते ते बघायचं. चित्राला मॉडेल म्हणतात, चालवण्याला सिम्युलेशन. दोन्हींसाठी ओपन सोर्स सॉफ्टवेअर मिळतं, आणि तेही एक रुपयाही न देता. तुम्ही या कामाला कसे लागलात ते विचारत नाही. बहुधा शेठ कुठलासा सेमिनार ऐकून आले, येताना गाडीतच त्यांना ‘प्रोसेस ऑप्टिमायझेशन’ची लागण झाली, आणि ऑफिसात सगळ्यात तरुण तुम्ही होतात. ‘तुला कम्प्युटर येतो ना?’ या प्रश्नाला तुम्ही ‘हो’ म्हणालात. आता पुढे वाचा.

साहित्य

एक लॅपटॉप. जुना चालेल, चार्जर मात्र स्वतःचा हवा.

चित्र काढण्यासाठी कॅमुंडा मॉडेलर. बर्लिनच्या कॅमुंडा कंपनीचं हे सॉफ्टवेअर एमआयटी परवान्याखाली मिळतं आणि इंटरनेट नसतानाही चालतं. वेळेचं सिम्युलेशन करायला जामसिम किंवा सिमपाय. जामसिममध्ये माऊसने वस्तू ओढून मांडायच्या. सिमपाय ही पायथनची लायब्ररी, तिच्यात चार ओळी लिहायची तयारी हवी.

गेटचं रजिस्टर, मागच्या तीन महिन्यांचं.

एक पॅड, एक पेन, सेफ्टी शूज आणि वॉचमनशी सलोखा. यातली शेवटची वस्तू डाउनलोड करता येत नाही.

शेठ म्हणतील, ‘फुकट देतात म्हणजे त्यात काहीतरी असणार.’ इथे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ समजावत बसू नका. ईआरपीनेक्स्टचं उदाहरण द्या: मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेलं, सगळा सोर्स कोड उघडा. ‘आपल्या मुंबईचंच आहे’ या वाक्याने जेवढं काम होतं तेवढं परवान्याची कलमं वाचून दाखवल्याने होत नाही.

पायरी १: छोटं काम निवडा

नवशिक्या पहिल्याच दिवशी ‘संपूर्ण कारखाना’ अशी फाइल उघडतो आणि आठवड्याने तिला ‘संपूर्ण कारखाना फायनल २’ असं नाव देतो. तसं करू नका. एकच काम घ्या. आपण घेऊ: कच्च्या मालाचा टँकर गेटवर आल्यापासून रिकामा होऊन बाहेर पडेपर्यंत. याला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि मध्ये सगळे एकमेकांवर ढकलू शकतील एवढी माणसं आहेत.

पायरी २: आधी साहेबांचं चित्र काढा

चित्र बीपीएमएन नावाच्या खुणांमध्ये काढायचं असतं. या खुणांची दुसरी आवृत्ती २०११ साली आली आणि २०१३ साली तिला आयएसओ १९५१० हा क्रमांक मिळाला. मूळ दस्तऐवज पाचशेहून अधिक पानांचा आहे. तो वाचू नका. छापून टेबलावर ठेवलात तर तुमच्याबद्दल आदर मात्र वाढेल. नवशिक्याला चार खुणा पुरतात. बारीक रेघेचं वर्तुळ म्हणजे सुरुवात, जाड रेघेचं म्हणजे शेवट. गोल कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम. शंकरपाळ्याच्या आकाराची खूण म्हणजे फाटा: आत फुली असेल तर एकच वाट धरायची, अधिकचं चिन्ह असेल तर सगळ्या वाटा एकदम. आणि प्रत्येक माणसासाठी किंवा खात्यासाठी एक आडवा पट्टा, ज्याला लेन म्हणतात.

आता प्लँट मॅनेजर साहेबांकडे जा आणि विचारा, ‘सर, टँकर आल्यावर काय होतं?’ साहेब खुर्चीत मागे रेलून सांगतील: गेट एंट्री, वजन, सॅम्पल, क्यूसी रिपोर्ट, अनलोडिंग, रिकामं वजन, गेट पास. सात चौकोन, एक सरळ रेघ. फाटा एकही नाही. ‘रिपोर्ट नापास झाला तर?’ असं विचारलंत तर उत्तर येईल, ‘आपल्याकडे तसं होत नाही.’ चित्र जसंच्या तसं काढा. साहेबांना दाखवा. ते खूश होतील. या मार्गदर्शिकेतला तुमचा हा शेवटचा निवांत दिवस.

पायरी ३: आता खाली उतरा

ऑफिसातून उतरून स्टोअरमध्ये जा. तिथे पंचवीस वर्षं नोकरी झालेले एक काका असतात. त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडू नका. उघडलात तर ते एसओपी म्हणून दाखवतील. नुसतं विचारा.

‘काका, टँकर आला की पहिलं काय होतं?’

‘पहिलं फोन येतो.’

‘कुणाचा?’

‘ड्रायव्हरचा. चिल्हार फाट्यावरून. विचारतो, गर्दी आहे का? मी म्हणतो, आहे बाबा, जेवून ये.’

इथे पेन खाली ठेवा आणि विचार करा. तुमच्या चित्राचं सुरुवातीचं वर्तुळ गेटवर होतं. खरं वर्तुळ आहे अहमदाबाद हायवेवर, चिल्हार फाट्याजवळच्या एखाद्या ढाब्यावर. तुमच्या कारखान्याची रांग तिथे लागते, खाटेवर आडवी होते आणि गेटच्या रजिस्टरात दिसतच नाही. म्हणूनच मासिक मीटिंगमध्ये ‘गेटवर टँकर थांबत नाहीत’ असं साहेब ठामपणे सांगू शकतात.

पुढे विचारत राहा. सॅम्पल काढायला हेल्पर लागतो, तो सांडपाण्याच्या ईटीपीवर गेलेला असतो. सॅम्पलची बाटली लॅबमध्ये पोचते, पण लॅबमध्ये पाळीला एकच केमिस्ट; त्याच्यासमोर रिअ‍ॅक्टरमधल्या बॅचचे नमुने आधीच लागलेले असतात, आणि बॅच थांबवता येत नाही, म्हणून ते रांग मोडून पुढे जातात. रिपोर्ट तयार झाला की तो सहीला वर साहेबांच्या केबिनमध्ये न्यायचा. साहेब अंधेरीच्या हेड ऑफिसला गेले असतील तर फोन: ‘उतरवून घ्या, सही उद्या करतो.’ तोवर होज पाइप शेजारच्या प्लँटमध्ये गेलेला असतो.

हे सगळं काढा. फोनवरच्या मंजुरीसाठी वेगळा चौकोन काढा आणि तो साहेबांच्या लेनमध्ये ठेवा, केमिस्टच्या नाही. सात चौकोनांचे बावीस होतील आणि फाटे पाच. चौकोनांची नावं मराठीत लिहिलीत तरी चालतात. फाइल आतून साधी एक्सएमएल असते, देवनागरी निमूट सांभाळते. ‘माल स्वीकृती’ असलं काही लिहू नका. ‘टँकर उतरवणे’ लिहा, म्हणजे काकांनाही चित्र तपासता येईल.

जुनी कागदपत्रं प्रमाण मानण्याचा मोह टाळा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. तुमच्या स्टोअरच्या छापील फॉर्मवर पत्त्यात अजून ‘जि. ठाणे’ असेल, तर त्याच फॉर्मवरचा प्रक्रियेचा क्रम किती ताजा असेल ते तुम्हीच ठरवा.

पायरी ४: ठिपका सोडा

मॉडेलरला टोकन सिम्युलेशन नावाचं एक छोटं जोडसॉफ्टवेअर मिळतं, तेही ओपन सोर्स. ते लावलं की सुरुवातीच्या वर्तुळातून एक ठिपका निघतो आणि बाणांवरून चालू लागतो. ठिपका म्हणजे तुमचा टँकर. तो शेवटच्या वर्तुळात पोचला तर चित्र निदान तर्काला धरून आहे.

तो सहसा पोचत नाही. नवशिक्याची ठरलेली चूक अशी: फाटा फोडताना फुलीचा वापरायचा आणि वाटा परत जोडताना अधिकचा. फुलीपाशी ठिपका एकाच वाटेने गेला. पुढे अधिकची खूण दोन्ही वाटांवरून ठिपका येण्याची वाट बघते. दुसरा ठिपका कधी निघालेलाच नाही. बिचारा पहिला ठिपका तिथे कायमचा उभा. कागदावर दोन सह्यांचा नियम आणि प्रत्यक्षात फाइल एकाच टेबलावर पाठवलेली, हा प्रकार तुम्ही सरकारी ऑफिसात पाहिला असेल. चित्रात तो तीन सेकंदांत सापडतो.

लक्षात ठेवा, या ठिपक्याला घड्याळ नाही. वाट बरोबर आहे की नाही एवढंच तो सांगतो. किती वेळ लागेल ते पुढच्या पायरीत.

पायरी ५: वेळा गोळा करा

आता गेटचं रजिस्टर उघडा. ‘इन टाइम’च्या रकान्यात पहिल्या ओळीत ७.१५ असेल, त्याखाली सहा ओळी ‘,,’ अशी खूण. ‘आउट टाइम’चा रकाना अख्ख्या पाळीचा एकाच पेनाने, एकाच बसणीत भरलेला: ११.००, ११.००, ११.००. यावरून एवढंच सिद्ध होतं की रात्री अकराला पाळी बदलते.

अशा नोंदींतून प्रक्रिया आपोआप शोधून काढणारं सॉफ्टवेअरही आहे. पीएमफोरपाय हे त्यातलं मुक्त आणि नावाजलेलं. त्याला प्रत्येक ओळीत तीन गोष्टी लागतात: कुठली गाडी, कुठलं काम, किती वाजता. तुमचं रजिस्टर त्याला दिलंत तर ते प्रामाणिकपणे सांगेल की तुमच्या कारखान्यात सगळे टँकर एकाच क्षणी बाहेर पडतात.

तेव्हा एक आठवडा स्वतः उभे राहून वेळा लिहा. स्टॉपवॉच खिशात ठेवा. हातात दिसला की सगळे भराभर काम करतात आणि तुमची आकडेवारी बिघडते. ‘हे कामगार कमी करण्यासाठी नाही’ असं पहिल्याच दिवशी सांगा, आणि ते खरं आहे याची शेठकडून आधी खात्री करून घ्या.

पायरी ६: चालवून बघा

सिम्युलेशन म्हणजे काय हे बोईसरकरांना समजावण्याची गरज नाही. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांप्रमाणे मोठ्या धोक्याच्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल करावं लागतं, आणि १९६९ साली चालू झालेल्या अणुवीज केंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांनाही सराव नवा नाही. ड्रिलच्या दिवशी अँब्युलन्स चार मिनिटांत येते, कारण सकाळपासून ती गेटमागेच उभी असते. संगणकातलं सिम्युलेशन हाही सरावच, फक्त त्याची तारीख कुणाला आधी कळवलेली नसते.

आपल्या लॅबचं उदाहरण घ्या. समजा, सरासरी दर ३० मिनिटांनी एक नमुना येतो. केमिस्टला एका नमुन्याला सरासरी २४ मिनिटं लागतात, आणि रिपोर्ट घेऊन वर केबिनमध्ये जाऊन सही आणायला ३ मिनिटं. एकूण २७. शेठ एक्सेलमध्ये बघतात: ३० मिनिटांत २७ मिनिटांचं काम. केमिस्टला दर नमुन्यामागे तीन मिनिटं मोकळी. ‘रांग लागेलच कशी?’

नमुने घड्याळ लावून आले असते आणि प्रत्येकाला नेमकी २७ मिनिटं लागली असती तर शेठ बरोबर होते. पण एकदम तीन नमुने येतात, मग तासभर एकही नाही. एक टायट्रेशन पहिल्या झटक्यात जमतं, दुसरं तीनदा करावं लागतं. पावसाळ्यात डहाणू लोकल रखडली की विरारहून येणारा केमिस्ट उशिरा पोचतो आणि रात्रपाळीवाल्याचे नमुने तसेच पडून राहतात. हा अनियमितपणा मॉडेलमध्ये घातला, येण्याच्या आणि कामाच्या वेळा यादृच्छिक धरल्या, की रांगेचं साधं गणित असं उत्तर देतं:

सहीसकट २७ मिनिटं: प्रत्येक नमुना रांगेत सरासरी २४३ मिनिटं थांबतो. चार तासांहून जास्त.

सही लॅबमध्येच झाली, म्हणजे २४ मिनिटं: सरासरी ९६ मिनिटं.

रिपोर्टचा फॉर्म सुटसुटीत करून आणखी चार मिनिटं वाचवली, म्हणजे २० मिनिटं: सरासरी ४० मिनिटं.

परत वाचा. जिना चढण्याची तीन मिनिटं काढली आणि रांगेतली जवळजवळ अडीच तासांची वाट संपली. माणूस किंवा मशीन नव्वद टक्के वेळ कामात गुंतलेलं असलं की रांग अशीच फुगते. उरलेला दहा टक्के मोकळा वेळ चुकलेलं वेळापत्रक सावरायला पुरत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाच्या गणितज्ञाने या शास्त्राचा पाया घातला, त्याचा पहिला निबंध १९०९ सालचा. बोईसरच्या लॅबला तो आजही लागू पडतो.

ताळा बघायला १९६१ साली जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम वापरा: रांगेतल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. तासाला दोन नमुने, चार तास थांबणं: आठ बाटल्या. लॅबच्या ओट्यावर जाऊन मोजा. आठाच्या आसपास असतील तर मॉडेल विश्वासाचं.

दोन इशारे. पहिला: सकाळी सातला रिकाम्या रांगेने सुरुवात करून एकच पाळी चालवली तर उत्तर खोटं गोड येतं, रात्रपाळीचे उरलेले नमुने कुठे गेले? सुरुवातीचा काळ सोडून द्या आणि पुढे बरेच महिने चालवा. दुसरा: एकदा चालवून आलेला आकडा शेठना सांगू नका. पुन्हा चालवलं की तो बदलतो आणि मग तुमच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. शंभरदा चालवा, सरासरी सांगा, आणि ती कितपत वर-खाली होते तेही सांगा.

पायरी ७: सादरीकरण

इथे नवशिक्यांपुढे खरी अडचण येते. अडथळा ज्यांच्या सहीपाशी सापडला, सादरीकरणाला मंजुरीही त्यांचीच लागते.

‘साहेबांच्या सहीमुळे टँकर अडतात’ असं म्हणू नका. ‘मंजुरीची पायरी लॅबमध्ये हलवली तर’ असं म्हणा. लाल रंग वापरू नका. तीन आकडे दाखवा: २४३, ९६, ४०. मग गप्प बसा.

साहेब म्हणतील, ‘सही ही जबाबदारीची गोष्ट आहे.’ बरोबर आहे. म्हणून सुचवा की नापास आणि काठावरचे रिपोर्ट वर जाऊ देत, सरळ पास झालेल्यांवर केमिस्टची सही चालावी. शेठ म्हणतील, ‘मी दुसरा वजनकाटा घेतो.’ वजनकाटा घेऊन लॅबच्या रांगेत एक मिनिटाचाही फरक पडत नाही, हे मॉडेलमध्ये तिथल्या तिथे करून दाखवा. दुसरा केमिस्ट घेतला तर मात्र थांबणं सुमारे सात मिनिटांवर येतं. त्यापुढे पगार आणि टँकरचं थांबणावळीचं बिल शेजारी ठेवून निर्णय शेठनी घ्यायचा. सॉफ्टवेअर निर्णय घेत नाही. निर्णय न घेण्याला किती खर्च येतो तेवढं सांगतं.

नेहमीच्या शंका

आमच्याकडे आयएसओ सर्टिफिकेट आहे, एसओपी आहेत. मग हे कशाला? एसओपी ऑडिटरला दाखवायला लिहिली जाते. हे चित्र तुम्हाला स्वतःला दिसावं म्हणून.

सॉफ्टवेअर अडलं तर फोन कुणाला करायचा? कुणालाच नाही. माहितीपुस्तिका वाचायची. वर्षाचं शुल्क वाचलं, ते या कष्टात वळतं झालं असं समजा.

चित्रातली प्रक्रिया प्रत्यक्ष चालवता येते का? येते. फ्लोएबलसारखी मुक्त इंजिनं बीपीएमएनची फाइल घेऊन काम एका टेबलावरून दुसऱ्यावर पाठवतात. छोट्या कारखान्याला ईआरपीनेक्स्टमधलं वर्कफ्लो पुरतं: कुठल्या टप्प्यावर कुणी मंजुरी द्यायची ते एकदा ठरवलं की रिपोर्ट जिना चढत नाही, साहेबांच्या मोबाइलवर जातो. पण आधी चित्र सुधारा. चुकीची प्रक्रिया संगणकावर चढवली तर ती चुकीचीच राहते, फक्त तिला पासवर्ड लागतो.

किती दिवस लागतील? चित्राला दोन, वेळा मोजायला एक आठवडा, सिम्युलेशनला तीन. साहेबांची वेळ मिळायला किती ते मॉडेलबाहेरचं आहे.

तेव्हा नवं मशीन, दुसरा काटा किंवा आणखी एक शेड यांची ऑर्डर देण्याआधी एवढं करा: गेटच्या रजिस्टरात ‘,,’ लिहिणं बंद करा आणि खऱ्या वेळा लिहा. चित्रात ढाबा, फोन आणि जिना तिन्ही दाखवा. जे व्हायला हवं ते काढायला सगळ्यांनाच येतं. जे होतं ते काढा. साधनं फुकट आहेत, त्यामुळे आता सबब फक्त सहीची उरली आहे.